आखाजीच्या आत फ्रीजर आणि डबे रिकामे करायचे असतील तर

होळी झाली की आपल्याकडे खान्देशात घरोघरी एकच गडबड असते, नवा गहू येतो, नवी तूरडाळ येते, गच्चीवर कुरडया-पापड-ज्वारीचे बिबडे वाळायला पडतात, मसाल्याच्या मिरच्या आणायच्या असतात, आणि हे सगळं भरायचं कशात तर ज्या डब्यांत मागच्या वर्षीचं अजून अर्धंमुर्धं पडलंय त्यातच. फ्रीजरचं पण तेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंबा सुरू झाला की रस ठेवायला जागा लागणार आणि तिथं थंडीतले मटार, तुरीचे दाणे, भाजलेल्या वांग्याचा गर आणि आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून बाकी सगळं. म्हणून होळी ते आखाजी हा जो दीड-पावणेदोन महिना मिळतो ना, तो ह्या कामासाठीच आहे असं समजा. रोज थोडं थोडं करायचं, एका रविवारी सगळं संपवायला बसलात तर घरातले तिसऱ्या दिवशी बाहेरून शेवभाजीचं पार्सल आणतील.

पद्धत एकदम सोपी आहे, मी तिला एक थंड एक कोरडं म्हणते. रोजच्या स्वैपाकात एक वस्तू फ्रीजरमधली घ्यायची आणि एक डब्यातली, बाजारातून फक्त दूध, दही, कोथिंबीर, मिरची, कांदे आणि एखादी पालेभाजी. बस. आठवड्याचा मेनू वगैरे लिहायच्या भानगडीत पडू नका, तो दुसऱ्याच दिवशी मोडतो कारण कोणीतरी पाहुणे येतात किंवा नळाला पाणी येत नाही.

आधी काय काय आहे ते बघा. फ्रीजर सकाळी लवकर उघडा, ऊन चढायच्या आत, सगळं एका मोठ्या घमेल्यात नाहीतर थर्माकोलच्या खोक्यात काढा आणि पटापट कागदावर लिहून परत आत टाका, दहा-पंधरा मिनिटांच्या वर लावू नका. पोरांच्या जुन्या वहीचं पान घ्या, फ्रीजच्या दारावर चिकटवा, जे वापरलं ते खोडा. नाव नसलेल्या पिशव्या निघतातच. आमच्या सासूबाई तर अशी एखादी बर्फ धरलेली पिशवी हातात घेऊन नुसतं "हाई काय शे?" (हे काय आहे?) विचारतात आणि घरात कोणाकडेच उत्तर नसतं. अशा पिशव्या आधी वापरा, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवा, सकाळी वितळल्यावर कळतं पालक आहे का पुदिन्याची चटणी, आणि वास बरोबर नसेल तर सरळ फेका. वरून पांढरट कोरडे डाग पडलेले असतील तर घाबरायचं काम नाही, गारठ्यानं ओलावा उडून गेलेला असतो, चव कमी होते पण खाऊन काही होत नाही. अशा भाज्या रश्श्यात टाकायच्या, सुक्या करायच्या नाहीत.

डब्यांचं काम दुपारी करा. सगळं पेपरवर पसरून तीन ढीग करायचे. खायला चांगलं, दुरुस्त करून खाण्यासारखं, आणि फेकायचं. फेकायच्या ढिगाबाबतीत आपल्या बायका फार कंजूष असतात म्हणून तेच आधी सांगते. शेंगदाण्यांवर बुरशी दिसली, हिरवट-काळपट झाले, तर ते निवडून भाजून कूट करायच्या फंदात पडू नका, त्या बुरशीतनं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते आपल्या कढईतल्या भाजण्यानं जात नाही. खवट खोबरं, खवट शेव, खवट तीळ हे पण जाऊ द्या, एक मूठ खवट खोबरं अख्ख्या रश्श्याची वाट लावतं. आणि भगर. महाशिवरात्रीची उरलेली भगर, त्यातल्या त्यात भगरीचं सुटं पीठ जर ओल धरलेलं, गुठळ्या झालेलं, कुबट वासाचं असेल तर एकादशीला खपवू म्हणून ठेवू नका. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत येतातच, त्यात बुरशी हे मोठं कारण असतं. पाकिटांवरच्या तारखांचं म्हणाल तर 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोपर्यंत चव-रंग चांगला राहील एवढंच, त्यानंतर वास-चव बघून ठरवता येतं, पण 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' लिहिलं असेल आणि तारीख गेली असेल तर विषय संपला.

सोंडे लागलेली डाळ किंवा तांदूळ फेकायची गरज नाही जर थोडेसेच असतील. उन्हात पसरा, मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात ते स्वतःच पळून जातात, मग चाळा, पाखडा, निवडा, दोनतीन पाण्यातून धुवा. पण पिठात अळ्या आणि जाळी झाली असेल तर चाळून घेऊन काही फायदा नाही, गाईगुरांना पण देऊ नका.

आता खरं काम, म्हणजे ह्याचं करायचं काय. मला विचाराल तर यूट्यूबवरच्या उरलेल्या अन्नाच्या पन्नास रेसिप्या बघण्याची काही गरजच नाही, आपल्या खान्देशच्या जेवणात अर्ध्या गोष्टी अशाच संपवासंपवीच्या आहेत. फुणके घ्या. तळाशी राहिलेल्या डाळींसाठी ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. तूरडाळ अर्धी वाटी, हरभरा डाळ पाव वाटी, मुगाची थोडी, मठ (मटकी) राहिले असतील तर ते पण, सगळं एकत्र धुवून तीन-चार तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि मिक्सरला पाणी न घालता जाडंभरडं फिरवा. बारीक पेस्ट झाली तर फुणके चिकट होतात, दाताखाली कण लागला पाहिजे. त्यात हिरवी मिरची-लसूण-जिरं ठेचून, हळद, मीठ, भरपूर कोथिंबीर, कांद्याची पात किंवा मेथी असेल तर ती बारीक चिरून, फ्रीजरमधला पालक निघाला असेल तर तो पण पिळून घाला. हे तुमचं एक थंड एक कोरडं एकाच ताटात झालं. मुठीत दाबून लांबट गोळे करायचे, बोटांचे ठसे त्यावर उमटले पाहिजेत, तेल लावलेल्या चाळणीत ठेवून पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झालं. गरम गरम कुस्करून वर कच्चं तेल, आणि बाजूला आंबट कढी. उरले तर दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा-मोहरीची फोडणी देऊन पोह्यांच्या ऐवजी खा, पोरं पण खातात.

जुन्या अख्ख्या कडधान्यांची गोष्ट वेगळी. दोन उन्हाळे काढलेले हरभरे, राजमा, वाटाणे कितीही शिजवा, आत गोळीसारखे राहतात, कारण उष्णतेत नि दमटपणात बरेच दिवस पडून राहिलं की त्यांचा आतला भाग असा घट्ट होतो की पाणी लवकर शिरत नाही. ह्यांना रात्रभर भिजवा, शिजताना चिमूटभर सोडा टाका, आणि टोमॅटो, चिंच, कोकम काहीही आंबट ते पूर्ण मऊ झाल्याशिवाय घालू नका, आंबटानं ते अजूनच अडून बसतात. मटकी जुनी आहे का बघायचं तर मूठभर भिजवून फडक्यात बांधून ठेवा, मोड आले तर उसळ करा, निम्मी तशीच राहिली तर उसळीचा नाद सोडा आणि ती भाजून थालीपिठाच्या दळणात ढकला.

पिठांबद्दल थोडं जास्त सांगते कारण सगळ्यात जास्त पडून राहतं ते पीठच. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुकडा पडतो. एकतर उकळत्या पाण्यात थोडी उकड काढून मळा, नाहीतर त्याचा कळणा करून टाका. कळण्याला ज्वारी आणि काळे उडीद सालासकट दळतात हे तुम्हाला माहिती आहेच, साधारण चार भाग ज्वारी एक भाग उडीद, थोडं मीठ, आवडत असेल तर चमचाभर मेथीदाणे. तुमच्याकडे ज्वारीचं पीठ आधीच तयार आहे तर नुसते उडीद तेवढे भाजून मिक्सरला बारीक करून चाळून मिसळा, उडदाच्या चिकटपणानं मोडकं पीठ पण बांधून येतं आणि कुठल्यातरी डब्यात दिवाळीपासून पडलेले उडीद पण मार्गी लागतात. वर ठेचा आणि कच्चा कांदा असला की भाजी पण लागत नाही खरं तर.

रवा, लापशी, मक्याचं पीठ, जाडसर गव्हाचं पीठ असं सगळं वाटी वाटी राहिलं असेल तर वरण-बट्टीचा बेत करा. गव्हाच्या जाड पिठात मका आणि रवा मिळून पाव भाग, ओवा, मीठ, हळद, चिमूटभर सोडा आणि तेलाचं चांगलं मोहन. घट्ट मळा, वळकट्या करून वाफवा, गार झाल्या की कापून तळा. गार होऊ द्या हे मुद्दाम सांगते, गरम कापल्या की भुगा होतो. गोवऱ्यांवर भाजणाऱ्यांनी भाजा, त्याची सर तेलाला नाही. बाजूला साधं वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी, आणि ह्या भाजीत तुमचं फ्रीजरमधलं वांगं कामाला येईल.

कारण त्याचं भरीत करायला गेलात तर तोंड वाकडं होईल. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अख्ख्या महाराष्ट्रात त्याचं नाव, पण ते कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजून त्याच दिवशी ठेचून खाल्लं तर. फ्रीजरमधून काढलेल्या गराला पाणी सुटतं, धुराचा वास निम्मा होतो. भरीतच करायचं असेल तर गर चाळणीत निथळून, कढईत तेलाशिवाय आधी कोरडा करून घ्या, मग भाजलेल्या मिरच्या-लसणाचा ठेचा, पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप घालून सढळ हातानं तेलाची फोडणी. बरं लागतं. थंडीतल्यासारखं लागत नाही, उगीच खोटं कशाला बोलू. त्यापेक्षा तोच गर पिठात घालून कळण्याचे किंवा बाजरीचे धपाटे लावा, तिथं त्याचं पाणी मळायलाच उपयोगी पडतं.

मटार आणि तुरीचे दाणे मात्र वितळवायचे नाहीत, गोठलेलेच गरम फोडणीत टाका, वितळवले की सालं सुटतात आणि पचपचीत होतात. तुरीच्या दाण्यांचा काळ्या मसाल्याचा रस्सा करा, मागच्या वर्षीचा मसाला संपवायचाच आहे ना, त्याचा वास उतरला असेल तर नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त घाला आणि तेलात मंद आचेवर परता, पण लाल तिखट तेवढं ताजं वापरा. पुरणाचा डबा निघाला तर रात्री फ्रिजमध्ये खाली उतरवून ठेवा, पाणी सुटलं असेल तर कढईत आटवून घ्या, आणि पोळ्या लाटायचा कंटाळा आला असेल तर दिंडं उकडा नाहीतर पुऱ्या भरा. केळी! आपल्या भागात शेतातनं कोणी ना कोणी घड पाठवतंच आणि मग सगळी केळी एकाच दिवशी पिकतात. साल काढून तुकडे करून ठेवलेली असतील तर ठीक, सालासकट ठेवली असतील तर साल काळी कुट्ट होऊन चिकटून बसते, थोडं पाण्याखाली धरून सुरीनं सोलावं लागतं. आत मऊ लगदा असतो तो कणकेत गूळ, वेलची आणि चमचाभर जुना रवा घालून मळून घारगे करायला एकदम बेस्ट. आणि उन्हाळ्याच्या दुपारी अर्धवट गोठलेल्या तुकड्यांचं शिकरण, त्याला काही शिजवायचं पण नाही.

मागच्या वर्षीचं वाळवण हे सगळ्यात दुर्लक्षित असतं कारण नवीन आलं की जुन्याकडे कोणी बघत नाही, आणि तळून संपवायचं म्हटलं तर तेल किती लागेल विचार करा. म्हणून कुरडईची भाजी करा. कुरडया हातानं मोडून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, तार दाबून बघायची, बाहेरून मऊ पण आत जरासा टणक कण लागला की लगेच चाळणीत काढा, अजून ठेवल्या तर लगदा होतो. तेलात मोहरी-जिरं, भरपूर कांदा, हिरवी मिरची, लसूण, हळद, मग कुरडई, वरून झाकण, एक वाफ. मीठ आधी अजिबात घालू नका, कुरडईत असतंच, शेवटी चाखून बघा. वरून लिंबू आणि फ्रीजरमधलं खोवलेलं खोबरं. चुरा झालेले उडदाचे पापड उकळत्या रश्श्यात वाढायच्या आधी दोन मिनिटं टाका, पापडाची भाजी होते. बिबडे भाजून कच्चं तेल आणि शेंगदाण्यांबरोबर खाणं हेच बरोबर, त्यात सुधारणा करायला जाऊ नका, पण डब्याच्या तळाचा चुरा भाजून मुरमुऱ्यांच्या चिवड्यात मिसळता येतो. हाताच्या शेवया खमंग भाजून कांदा-मटारचा उपमा करा. साबुदाणा थोडाच असेल तर खिचडी नाही होणार, बटाट्यात मळून थालीपीठ लावा.

आता लाइटचं बोलू. फ्रीजर जसजसा रिकामा होत जातो तसतसा लाइट गेल्यावर तो लवकर तापतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला जेमतेम एक दिवस, आणि हे चांगल्या डबल डोअरचं, जुन्या सिंगल डोअरच्या छोट्या कप्प्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका, त्यात बाहेर पारा ४४-४५ वर गेलेला असतो. म्हणून जागा झाली की तिथं पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या ठेवा, काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो. आंबे आले की बाटल्या काढा, रस ठेवा. आखाजीला माहेरी किंवा गावाला जाणार असाल तर वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बुडून तळाशी गोठलेलं दिसलं तर मधे लाइट बराच वेळ गेली होती, सगळं वितळून परत गोठलंय, त्यातलं शिजवलेलं, दुधाचं, मटण-मासे काही ठेवू नका. फ्रीजरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबलेले असतात, गरम झालं की परत सुरू.

त्याच कारणानं वितळवायला ओट्यावर ठेवू नका, मे महिन्यात तर मुळीच नाही, वरचा भाग कोमट होऊन जातो आणि आत अजून बर्फ असतो. आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली उतरवायचं. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा, अर्ध्या-अर्ध्या तासानं पाणी बदला आणि वितळलं की लगेच शिजवा. रस्सा-आमटी असेल तर गोळा तसाच पातेल्यात टाकून खळखळून उकळा. आणि एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही, म्हणून पुढच्या वेळी छोट्या छोट्या पिशव्या करा, सपाट दाबून, वर मार्करनं नाव आणि महिना. शिजवलेल्या भाज्या-रस्से दोन-तीन महिन्यांत संपवायचे, नंतर चव राहत नाही.

घरातल्या पुरुषमंडळींना तेवढं सांगून ठेवा बरं का. तुम्ही इथं मुगाची डाळ संपवत असता आणि हे बाजारातनं स्वस्त मिळाली म्हणून दोन किलो घेऊन येतात. दारावरचा कागद त्यांना पण वाचता येतो.

डबे रिकामे झाले की धुवून उन्हात पूर्ण दिवस उलटे ठेवा, झाकणाच्या खाचेतलं जुनं पीठ जुन्या टूथब्रशनं काढा, सोंडे तिथंच लपून बसलेले असतात. नवी डाळ, नवा गहू कडक ऊन दाखवून, गार झाल्यावरच भरायचा, गरम भरला की आत घाम धरतो. गव्हात कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला. आणि जुनं अर्धा किलो राहिलं असेल तर त्यावर नवं ओतू नका, ते वेगळ्या पिशवीत, डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवा आणि आधी तेच काढा.